पाचव्या घराची चिंधी

माझा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असतो. दोन टाक्यांमध्ये जागाही तेवढीच. अजून, या वयात, चष्मा नाकावर चढवून बसलो तरी त्यात फरक पडत नाही. ज्याला पटत नसेल त्याने येऊन मोजावं. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे इथे लिहिलेल्यात चुका असतील. त्या काढणाऱ्याने काढाव्यात. पण माझ्या शिवणीत चूक काढून दाखवणारा माणूस आमच्या पेडण्यात मला अजून भेटलेला नाही, आणि आता भेटेल असंही वाटत नाही.

शिवण मी आईकडून आणि काकीकडून शिकलो. गणपतीची चवथ होऊन गेली, पाऊस मागे सरला आणि आश्विनाचं ऊन अंगणात उतरलं की आमच्याकडे गोदड्या बाहेर निघत. चार महिने त्यांनी ओल प्यायलेली असे. पहिल्या दिवशी त्या नुसत्या कुंपणावर टाकायच्या, काठीने बडवायच्या, आणि तो धप धप आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा. कुणाची गोदडी किती जुनी हे त्या आवाजावरून कळे. जुनी गोदडी बोजड आवाज देते, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा. मग विरलेल्या निवडायच्या, वरचं कापड उसवायचं, आणि नव्याने शिवायला घ्यायच्या. खोली सकाळीच शेणाने सारवून ठेवलेली असे. तिच्यावर जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, हाताने सुरकुती काढायची, चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवायच्या. एका कोपऱ्यावर पाट्यावरचा वरवंटा, एकावर नारळ खोवायची आदोळी, बाकी दोहोंवर हाताला लागेल ते. काठापासून सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यापर्यंत जायचं. जनेलातून उजेड जसा सरकेल तसं आपणही सरकायचं.

काकी घाटावरची, चंदगडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची एक गोष्ट कळत नव्हती आणि आम्हांला तिची. आम्ही गोदडी म्हणायचो, ती वाकळ म्हणायची. आईचा टाका लांब, काकीचा बारीक, आणि त्यावरून दोघी दिवसभर एकमेकींना टोचत. काकी म्हणायची, "काय गं हे, टाके घालतीस का शेतात ढांगा टाकतीस?" आई म्हणायची, "तुझी वाकळ पुरी जायसर पांगुरपी मरतलो." पांघरणारा मरेल म्हणजे. मी शाळेला रामराम ठोकलेला, बाबांनी चार दिवस रागावून नाद सोडलेला, म्हणून मी त्या दोघींच्या मध्ये बसायचो. वाड्यावरची पोरं चिडवायची. मी एकाचं नाक फोडलं, त्यानंतर चिडवणं कमी झालं. दहाच्या सुमारास पेजेची वेळ व्हायची. उकड्या तांदळाची पेज, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, आणि काकी असली की तिची लसणाची चटणी. ती चटणी आमच्या पेजेत चालत नाही असं आई म्हणायची आणि बोट बुडवून खायची. आमची आणि काकाची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती, त्यामुळे कोण कुणाच्या घरी जेवलं हे आम्ही कधी धरलं नाही.

आता काकाचं सांगतो. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं, पण रानात त्याला येत नाही असं काही नव्हतं. चवथीच्या माटोळीला गणपतीवर टांगायची रानफळं, वेली, फुलं अर्ध्या गावाला तोच आणून द्यायचा. वाघनखी कुठल्या दरडीवर फुलली आहे, घागऱ्या कुठे धरल्या आहेत, सगळं त्याला पाठ. पण मला आवडायच्या त्या आश्विनातल्या फेऱ्या. माटोळीचं काम संपलेलं, भात पिकायला थोडा अवकाश, तेव्हा दुपार कलली की काका अंगणातून नुसता खाकरायचा. मी सुई गोदडीत टोचून उठायचो. आई म्हणायची, "गेलो बघ, वाडो उठयलो." गेला बघ, खाकरून सगळा वाडा उठवला. आम्ही डोंगराच्या अंगाने वर चढून सड्यावर जायचो. सडा म्हणजे वरचं सपाट कातळ. एरवी ते काळं, रखरखीत, पण त्या दिवसांत पिवळ्या सोनकीने आणि जांभळ्या इवल्या फुलांनी असं भरायचं की पाय कुठे ठेवावा कळायचं नाही. कातळातल्या डबक्यांत पाणी आटत आलेलं, त्यावर चतुर उडत असायचे. गवताला वास यायला लागलेला असायचा, अजून हिरवं पण आतून सुकायला निघालेलं. काका अनवाणी चालायचा आणि पायाच्या अंगठ्याने झाड दाखवायचा, हाताने कधीच नाही. "हें कितें?" मी नाव सांगायचं. चुकलं तर तो पुढे चालू लागायचा, आणि परत येताना त्याच झाडापाशी थांबायचा. माझी शाळा ती. त्या शाळेत मी नापास झालो नाही.

त्याचा एक नियम होता. माटोळीच्या वेळी रानातून आणायचं, आश्विनात काही आणायचं नाही. एकदा मी एक घागरी, म्हणजे ती वाळली की आत बिया खुळखुळणारी शेंग, खिशात घातली. तो पुढे चालला होता, त्याने वळून पाहिलंही नाही. म्हणाला, "ती दवर परत. आतां पळोवपाक आयल्यांव, हाडपाक न्हय." बघायला आलोय, न्यायला नाही. मी ती शेंग होती तिथे ठेवली. आजकाल सड्यावर लोक मोटारी घेऊन जातात आणि फुलं मुळासकट उपटून फोटो काढतात. त्यांना सांगायला काका नाही, आणि मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत. मी तरी सांगतो.

मग भाषेचा वाद आला. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून घराघरांत भिंती उभ्या राहिल्या. बाबा मराठीचे. आमचं भजन मराठी, पोथी मराठी, चिठ्ठीचपाटी मराठी, असं त्यांचं म्हणणं. काका कोंकणीचा. जी तोंडात आहे तीच आपली, असं त्याचं. आणि गंमत ऐका, दोघे भांडायचे ते अंगणात उभे राहून, कोंकणीतच. त्यावर काकी, जिची खरी मराठी, ती चुलीपुढून ओरडायची, "दोघंबी गप बसा, मला दोन्ही येतात." तोवर ते हसण्यावारी होतं. पुढे देवळाच्या मंडपात सभा झाली. माणसं बाहेरपर्यंत उभी. काका कधी सभेत बोलणारा नव्हे, पण त्या दिवशी उठला आणि अडखळत चार वाक्यं बोलला. मी तेव्हा सतरा-अठराचा असेन, मागे टारगट पोरांच्या घोळक्यात होतो. काय अंगात आलं माहीत नाही, मी मोठ्याने म्हणालो, "ज्याला सहीपुढे अक्षर येत नाही, त्याने आम्हांला भाषा शिकवू नये." छान शुद्ध मराठीत म्हणालो. मंडप हसला. काकाने माझ्याकडे पाहिलं, पंचा खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

चौथी सोडलेल्या मुलाने ते म्हणावं. यावर मी अजून काही लिहू शकत नाही.

त्यानंतर अंगण तेच राहिलं, पण मधून कुणी जाईना. बाबा आणि काका आज ना उद्या बोलले असते, ते भांडण भावांचं होतं. बोलणं थांबलं ते माझ्या वाक्याने, हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि मी कबूल करत नव्हतो. एक आश्विन गेला. अंगणात काका खाकरला तरी ते माझ्यासाठी नसायचं. भाषेचा कायदा झाला, गोव्याचं वेगळं राज्य झालं, गावात पेढे वाटले. आमच्या घरी आई एकटीच गोदडी अंथरायची आणि दोन कोपरे धरायला मला बोलवायची.

त्याच वर्षी आमची वैनी, दादाची बायको, पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी गेली होती, दिवाळीच्या आसपास दिवस भरणार होते. पहिल्या मुलाची गोदडी आमच्यात पाच घरांच्या जुन्या कापडाची करतात. बाळाच्या सटीला, सहाव्या दिवशी, ती बाळाखाली घालायची. पाच घरं कोणती तेही ठरलेलं. आपलं, बाळाच्या बापाच्या आजोळचं, बाळंतिणीच्या माहेरचं, शेजारचं आणि भाऊबंदाचं. ते कापड मागायला लागतं. मागितल्याशिवाय कुणी द्यायचं नाही आणि मागितल्यावर कुणी नाही म्हणायचं नाही, आणि ते हातातून हातात यायला हवं. त्याशिवाय मूल सगळ्यांचं होत नाही, असं आई म्हणायची. चार तुकडे जमले. भाऊबंदाचं घर आम्हांला एकच होतं, अंगणापलीकडचं.

आई म्हणाली, "काकीकडे वच आनी एक तुकडो माग."

"तू वच."

"हांव गेल्यार ती दितली. पूण तोंड कोणें मोडलां? ताणेंच मागूंक जाय." बोलणं ज्याने मोडलं त्यानेच मागायला हवं.

"हांव वचचो ना."

आई मध्यातली जागा मोकळी ठेवून बाकीची गोदडी शिवत राहिली. चार बाजूंनी चार घरं, आणि मधे हातभर भोक. मी जेवायला बसलो की ती गोदडी समोर पसरलेली असायची. तिने मुद्दाम तिथे ठेवली असं मी तेव्हा म्हणालो असतो. आज म्हणतो, मुद्दामच ठेवली होती.

मी आठ दिवस दम काढला. मग मला एक युक्ती सुचली आणि ती मला फार हुशारीची वाटली. काकाचं शेत ओहोळाच्या पलीकडे होतं. भात पिवळं पडत आलेलं, म्हणून पोपटांना हाकलायला त्याने बुजगावणं उभं केलं होतं, आणि त्याला स्वतःचा जुना निळ्या चौकटींचा सदरा घातला होता. सदरा काकाचा, म्हणजे घर काकाचं. भर दुपारी शेतात कुणी नसताना मी गेलो आणि सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून उसवून घेतली. उसवली, फाडली नाही. माझ्या हाताला फाडता येत नाही. ओहोळावर धुतली, दगडावर वाळवली आणि आईला नेऊन दिली.

"काकीन दिलो तुकडो?"

"दिलो."

"हातान दिलो?"

"हातान."

आईने ती बाही उलटी केली. बाहेरून ती उन्हाने पांढरी पडली होती, आतून चौकटी नव्यासारख्या निळ्या. माणसाच्या अंगातला सदरा असा एका बाजूने विटत नाही, तो घामाने दोन्हीकडून विटतो. दुमडलेल्या काठात पेंढ्याची एक काडी अडकली होती. आईने ती काडी काढून जनेलावर ठेवली आणि बाही माझ्याकडे सरकवली. "तूच लाय," म्हणाली. मी लावली. हट्टाने लावली, चारही बाजूंनी, दाण्यासारखा टाका घालून. काकीलाही नाव ठेवता आलं नसतं असं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पाव देऊन गेला, चहा झाला, तेव्हा आई बाल्कावात, दारापुढच्या ओट्यावर, उन्हाला बसून एकेक टाका सुईने उचलून उसवत होती. दोरासुद्धा तोडत नव्हती. पूर्ण बाही सुटली तेव्हा तिने तिची घडी घातली आणि म्हणाली, "काम बरें केलां. पूण हें म्हाका नाका. हांव चार घरांचीच व्हरतां. सटीक कोणें विचारलें जाल्यार सांगतां, पांचवें घर म्हज्या पुतान पुरलें."

हे मला नको, मी चार घरांचीच नेईन, पाचवं घर माझ्या मुलाने पुरलं. हे ती रागाने म्हणाली असती तर मी उलट बोललो असतो. ती पाव चहात बुडवत म्हणाली.

मी बाही घेऊन शेतावर गेलो. काका तिथेच होता. एका हाताचं बुजगावणं वाऱ्याने एकीकडे कललं होतं आणि त्या बाजूच्या कोपऱ्यातलं भात पोपटांनी चांगलंच झोडपलं होतं. काकाने बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोपट म्हणटा, हात कोणें व्हेलो? म्हाका दिसलें, माकडान." पोपट विचारतात हात कोणी नेला, मला वाटलं माकडाने.

"हांवें."

"म्हणजे बरोबर दिसलें."

मी बाही पुढे केली. त्याने बाही घेतली, बुजगावण्याच्या खांद्यावर नुसती लटकवली, ती खाली पडली. सुई मी आणली नव्हती. "हाका एकूच हात," तो म्हणाला, "आनी तुका दोन. शेत कापून जायसर उबो राव थंय." शेत कापून होईपर्यंत उभा राहा. कापणीला चार दिवस होते. मी काकाला ओळखत होतो, तो थट्टा करत नव्हता. आणि तो मला ओळखत होता, म्हणून त्याने उभं राहायला सांगितलं. माफी माग म्हणाला असता तर मी पळून गेलो असतो.

चार दिवस मी उजाडल्यापासून उन्हं उतरेपर्यंत बुजगावण्याशेजारी उभा राहिलो. पोपट आले की हात हलवायचे, हो हो करायचं. मोर आले की धावायचं, मोर माणसाला भीत नाहीत. वाटेने जाणारे थांबून विचारायचे, "काकान नवो चाकर दवरलो कितें रे?" एका म्हातारीने मला आणि बुजगावण्याला आळीपाळीने पाहून विचारलं, "हातूंतलो शिकिल्लो खंयचो?" यातला शिकलेला कुठला. गावात माझं ते वाक्य कुणी विसरलं नव्हतं. काका दुपारी येऊन बांधावर पेजेचं भांडं ठेवायचा आणि न बोलता जायचा. भांड्याच्या झाकणावर लसणाची चटणी असायची. ती मी चार दिवस खाल्ली. पाचव्या दिवशी माणसं आली, कापणी झाली, मीही विळा घेतला.

शेवटची पेंढी बांधून काकाने हात झटकले आणि घराकडे जायच्या ऐवजी तो डोंगराच्या वाटेला लागला. खाकरला नाही. मी वीसेक पावलं मागे ठेवून चाललो. सड्यावर सोनकी संपत आली होती, गवत पार सोनेरी झालं होतं आणि पायाखाली सुकं वाजत होतं. बराच वेळ तो चालत राहिला. मग थांबून, मागे न बघता, त्याने अंगठा एका झुडपाला लावला.

"हें कितें?"

"कुडो."

"विसरूंक ना म्हणजे."

"काका, त्या दिसा हांवें..."

"त्या दिसा तू मराठींत उलयलो. आतां खंयच्या भाशेंत सांगतलो?" त्या दिवशी मराठीत बोललास, आता कुठल्या भाषेत सांगणार.

"तूं सांगशी त्या भाशेंत सांगतां. हांव चुकलों."

तो खाली वाकला, पायातला काटा काढल्यासारखं काहीतरी केलं. काटा नव्हता. "म्हजें कितें वचना रे," माझं काही जात नाही, असं तो म्हणाला, "म्हाका अक्षर येना हें सगळ्यांक खबर आसा. काकीची मात भाकरी जळ्ळी त्या दिसा. चुलीर तशीच सोडून भायर बसली. तिका सांग."

आम्ही उतरलो. तो गोठ्याकडे गेला आणि मी, अंगातल्या भाताच्या कुसळांसकट, काकीच्या दारात उभा राहिलो. काकी सूप घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"वाट चुकलास व्हय?"

"काकी, त्या दिसा हांव चुकलों."

"ते मला ठाऊक हाय. दुसरं काय?"

"वैनीच्या भुरग्याक गोदडी करतात. तुज्या घरचो एक तुकडो जाय."

"मोठ्यानं माग. गोठ्यात ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने मागितलं. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हा. काकी उठली, आतल्या खोलीत गेली, पेटीचं झाकण करकरलं. तिने तिच्या लग्नातल्या इरकली लुगड्याचा पदर आणला, व्यवस्थित घडी केलेला. उलगडला तर मधोमध सहा-सात भोकं, कसरीने खाल्लेली. "वैनीला दिवस राहिल्याचं कळलं तवाच धुऊन ठेवला होता," ती म्हणाली. "न मागता देता येत नाही. ठेवला, ठेवला, आणि हे बघ आता."

मी म्हटलं, दुसरा कुठलाही चालेल.

"दुसरा कशाला? ह्योच. भोकं तुझ्यामुळं पडली, तूच बुजव. हितंच बस."

तिने सुई दिली, लाल दोरा दिला आणि समोर बसली. मी एकेक भोक रफू केलं, काठाकाठाने फिरत मध्यापर्यंत. ती सूप बाजूला ठेवून टाके मोजत होती. एकदा म्हणाली, "हा मोठा पडला." मी तो उसवून परत घातला. त्या गोदडीवर वाढलेली माझी पुतणी आज मांद्र्याला पर्यटकांना खोल्या देते. गोदडी तिने बैठकीच्या खोलीत टांगली आहे, आणि परदेशी लोक त्या लाल ठिपक्यांना नक्षी समजून फोटो काढतात. ती मला खूण करते, काका, सांगू का? मी म्हणतो, नको.

रफू संपलं तेव्हा काकीने पदर माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. मी निघालो तर तीही उठली, पदराच्या टोकाला तिची सुई टोचली आणि माझ्यापुढे अंगणात उतरली. आई बाल्कावात गोदडी पसरून बसली होती. तिने आम्हांला येताना पाहिलं आणि मान खाली घालून शिवत राहिली. काकी पायरी चढली, गोदडीच्या काठाशी बसली, एक कोपरा उचलून उन्हाकडे धरला.

"काय गं हे," ती म्हणाली, "उंदरानं खाल्ल्यासारखे टाके घातलेस."

आई म्हणाली, "एकटेन शिवलें जाल्यार अशेंच जाता," एकटीने शिवलं की असंच होतं, आणि सुईत ओवायला दोरा तिच्यापुढे केला.